जहाजावरची पंगत : क्रूझवरील भोजनव्यवस्था आणि जेवणाच्या वेळा

वाशीमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. तरीही वऱ्हाडातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सहलींच्या यादीत अलीकडे क्रूझचा समावेश होऊ लागला आहे. अकोल्याहून रेल्वेने मुंबई गाठणे ही जुनी सोय होतीच. कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्याने बंदर आणखी जवळ आले. प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या सहलीचे वर्णन करताना 'सर्व जेवण समाविष्ट' हे शब्द ठळक टाइपात असतात. ते बहुतांशी खरेही असतात. परंतु कोणते जेवण, कोणत्या दालनात आणि मुख्य म्हणजे किती वाजता, या प्रश्नांची उत्तरे त्या तीन शब्दांत मिळत नाहीत.

वाशीम जिल्ह्यातील कुटुंबांच्या दृष्टीने यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. कारंजा लाड ही जैनांची काशी म्हणून ओळखली जाते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक परंपरांची पीठे या एका गावात नांदली. मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र आहे. याच कारंज्याला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तही मानतात. मंगरूळपीरची ओळख तेथील दर्ग्याशी जोडलेली आहे. सूर्यास्तापूर्वी चौविहार करणारे, चंद्रोदय पाहून संकष्टी सोडणारे आणि मगरिबच्या अजानबरोबर रोजा सोडणारे असे सर्वच लोक या जिल्ह्यात शेजारी राहतात. त्यांच्या जेवणाची वेळ आकाश ठरवते. जहाजावर ती भटारखाना ठरवतो. ही दोन घड्याळे जुळवण्याचे काम प्रवासापूर्वीच करावे लागते.

मुंबईहून निघणारी जहाजे

किनाऱ्यालगत बोटीने जाण्याची सवय मराठी माणसाला जुनी आहे. आगबोटीतून मालवण किंवा पणजीला जाणाऱ्या चाकरमान्यांची शिदोरी त्यांच्या फडक्यातच असे. प्रवासापेक्षा मुक्कामासाठी जहाजावर जाणे, आणि त्या मुक्कामात जेवण हाच मुख्य कार्यक्रम असणे, ही कल्पना मुंबईत बरीच उशिरा रुजली. २००५ मध्ये स्टार क्रूझेस या कंपनीने 'सुपरस्टार लिब्रा' हे जहाज मुंबईत आणले आणि भारतीय प्रवाशांना डोळ्यांसमोर ठेवून गोवा व लक्षद्वीपच्या सहली सुरू केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारी 'आंग्रिया' मुंबई–गोवा मार्गावर सुरू झाली. संध्याकाळी निघून सकाळी पोहोचणाऱ्या या प्रवासात रात्रीचे जेवण आणि न्याहारी एवढाच मामला होता. २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचे 'कर्णिका' आले. करोनाच्या साथीत हे दोन्ही उपक्रम थांबले आणि कर्णिका २०२० मध्येच अलंगच्या भंगारपट्टीवर गेली.

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सहली करू लागले. १९९० मध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीचे होते. २०२३ च्या नोव्हेंबरात इटलीच्या कोस्टा कंपनीनेही 'कोस्टा सेरेना' एका हंगामासाठी मुंबईत ठेवले होते. मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे औपचारिक उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. अरबी समुद्रातील हा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या जैन कुटुंबांना हे वेळापत्रक आपोआप सोयीचे पडते, कारण कार्तिकी पौर्णिमेनंतर समुद्रही शांत झालेला असतो.

जेवायचे कुठे?

मोठ्या प्रवासी जहाजावर जेवणाची ठिकाणे सर्वसाधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिले मुख्य भोजनगृह. येथे पांढऱ्या चादरीची टेबले, वाढपी आणि रोज बदलणारे भोजनपत्रक असते. परदेशी जहाजांवर येथे प्रवाशाला टेबल क्रमांक नेमून दिला जातो आणि तो सबंध सहलीत बदलत नाही. आठ किंवा दहा खुर्च्यांच्या टेबलावर अनोळखी कुटुंबे एकत्र बसवली जातात. एकत्र बसायचे असेल तर तसे आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे लागते. जहाजावर चढल्यानंतर टेबल बदलून मिळणे अवघड जाते.

दुसरा प्रकार बुफेचा. तो बहुधा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाजवळ असतो. भारतीय प्रवाशांची खरी गर्दी इथेच होते. पोळी, वरण, भात, दोन-तीन भाज्या, इडली-डोसा, कोशिंबिरी आणि गोड पदार्थ असा भरगच्च थाट असतो, आणि वाट्टेल ते वाट्टेल तितके घेता येते. कॉर्डेलियाच्या एम्प्रेसवर याला फूड कोर्ट असेच नाव आहे. तेथील भोजन आणि 'स्टारलाइट' या मुख्य भोजनगृहातील भोजन सहलीच्या दरात येते.

तिसरा प्रकार खास उपाहारगृहांचा. चिनी, इटालियन किंवा जपानी पदार्थांची ही छोटी दालने असतात आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर १९०५ मध्ये रिट्झ-कार्लटनच्या नावाने पसंतीनुसार पदार्थ मागवण्याचे उपाहारगृह सुरू झाले. तेथे जेवणाऱ्याला तिकिटात समाविष्ट असलेले भोजन सोडून वेगळे पैसे मोजावे लागत. तेव्हा तो श्रीमंतीचा तोरा होता. आजही मुलांचा आग्रह नसेल तर दोन-तीन दिवसांच्या सहलीत या दालनांची वाट धरण्याचे कारण नाही.

याखेरीज खोलीत जेवण मागवण्याची सोय असते. तिच्यावर काही जहाजे शुल्क आकारतात, काही आकारत नाहीत. मद्य, बाटलीबंद शीतपेये आणि खास कॉफी सहसा दरात येत नाहीत. परदेशी जहाजांवर माणशी दररोज सेवाशुल्क लावले जाते आणि ते अखेरच्या दिवशीच्या हिशेबात दिसते. चार जणांच्या कुटुंबाला हा आकडा जाणवण्याइतका असतो, म्हणून तो आधीच विचारून घ्यावा.

वेळा इतक्या काटेकोर का?

बहुतेक जहाजांवर न्याहारी सकाळी सात ते दहा, दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच-तीन आणि चहा चारच्या पुढे असतो. रात्रीच्या जेवणात मात्र फरक पडतो. जुन्या पद्धतीच्या जहाजांवर मुख्य भोजनगृहाच्या दोन पंगती असतात. पहिली सहाच्या आसपास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. भोजनगृहात एका वेळी सगळे प्रवासी मावत नाहीत, हे त्याचे साधे कारण. पहिली पंगत जेवत असताना दुसरी पंगत नाट्यगृहातील कार्यक्रम पाहते आणि मग अदलाबदल होते. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने नेमलेली वेळ रद्द करून हवे तेव्हा जेवण्याची पद्धत आणली आणि इतरांनीही हळूहळू तिचा पर्याय दिला. भारतीय प्रवाशांसाठीच्या जहाजांवर रात्रीचे जेवण साधारणतः सात-साडेसातला सुरू होऊन दहाच्या सुमारास संपते. प्रत्येक सहलीचे नेमके वेळापत्रक रोज खोलीत येणाऱ्या छापील पत्रकात किंवा जहाजाच्या मोबाइल अॅपवर मिळते. वर्षापूर्वी एखादा नातेवाईक जाऊन आला म्हणून त्याने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नये.

बुफे ठरल्या वेळी बंद होतो याला सुरक्षिततेचेही कारण आहे. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांसाठी तेथील रोगनियंत्रण केंद्राने घालून दिलेल्या नियमांनुसार, तापमानाचे नियंत्रण नसलेला मांडलेला पदार्थ चार तासांच्या आत संपवावा किंवा फेकावा लागतो. शिळे पुन्हा मांडता येत नाही. बंदिस्त जहाजात नोरोव्हायरससारखा संसर्ग एका डावातून शेकडो लोकांत पसरू शकतो. म्हणूनच बुफेच्या दारात हात धुण्याची बेसिने असतात आणि तेथे उभा असलेला कर्मचारी प्रत्येकाला हात पुढे करायला लावतो. अनेकांना हा अपमान वाटतो. पण साबणाने हात धुणे हाच या रोगावरचा खात्रीचा उपाय आहे, नुसते जंतुनाशक चोळणे पुरेसे ठरत नाही.

भटारखान्यात गॅस नसतो. आगीच्या भीतीने प्रवासी जहाजांवर उघडी ज्वाला टाळली जाते आणि सारा स्वयंपाक विजेच्या शेगड्यांवर, वाफेवर आणि भट्ट्यांत होतो. पोळी तव्यावर भाजली जाते, पण जाळावर टम्म फुगलेला फुलका किंवा निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचे भरीत तेथे होत नाही. वऱ्हाडी माणसाने रोडग्यांची आठवण तर काढूच नये. पाणी मात्र समुद्राचेच, गोडे करून वापरलेले असते आणि ते पिण्यास सुरक्षित असते.

या भटारखान्यांत गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोवेकर तारवटींना मोठी मागणी होती. नोकरीच्या प्रतीक्षेत ते मुंबईत धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावच्या 'कुडां'मध्ये राहत. खलाशांसाठी रांधणारा तो भंडारी आणि साहेबांसाठी रांधणारा तो कूक, अशी तेव्हाची विभागणी. आजही भारतीय प्रवासी असलेल्या जहाजावर एखादा कोकणी किंवा मराठी बोलणारा वाढपी भेटण्याची शक्यता असते, आणि आहाराचे पथ्य समजावून सांगण्यासाठी त्याच्यासारखा आधार नाही.

सूर्यास्ताचे गणित

चौविहार पाळणाऱ्यांपुढील अडचण साधी आहे. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जहाजावर रात्रीचे जेवण तेव्हा सुरूही झालेले नसते. चारच्या चहाबरोबर ठेवलेल्या भजी, केक आणि सँडविचमध्ये कांदा, बटाटा आणि अंडे यांचाच भरणा असतो. ज्या सहलींत जैन प्रवाशांची संख्या मोठी असते, तेथे साडेपाचच्या सुमारास वेगळे जेवण मांडण्याची विनंती मान्य होऊ शकते. मात्र ती गटाने आणि आगाऊ केलेली असावी लागते. एकट्या कुटुंबाने किमान एवढे लेखी मिळवावे की, दुपारच्या जेवणातील जैन पदार्थ सायंकाळी पाचला खोलीत किंवा बुफेवर दिले जातील.

इथे आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. घरी भिंतीवर लावलेल्या दिनदर्शिकेतील वेळ जहाजावर उपयोगी पडत नाही. वाशीम हे मुंबईच्या पूर्वेला सव्वाचार अंशांहून अधिक अंतरावर असल्याने वाशीमचा सूर्यास्त मुंबईच्या सूर्यास्ताआधी पंधरा ते वीस मिनिटे होतो. म्हणजे मुंबई बंदरात घरच्यापेक्षा पाव तास अधिक मिळतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे दिवस मोठा असतो. त्यामुळे लक्षद्वीपजवळ सूर्यास्त मुंबईपेक्षाही दहा-पंधरा मिनिटे उशिरा होतो. वरच्या डेकवरून क्षितिज अधिक खाली दिसत असल्याने तीस मीटर उंचीवर सूर्य पाण्याच्या पातळीपेक्षा पाऊण मिनिटभर जास्त वेळ दिसतो. पाऊण मिनिटात कोणाचे जेवण होत नाही. तरीही नियम चोखपणे पाळणाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे. त्या दिवसाची नेमकी वेळ जहाजाच्या स्वागतकक्षात विचारता येते, कारण सूर्योदय-सूर्यास्ताच्या नोंदी नौकानयन विभागाकडे असतातच. सिंगापूरहून किंवा युरोपातील बंदरांतून निघणाऱ्या सहलींत घड्याळ पुढे-मागे करण्याची सूचना येते. अशा वेळी मोबाइलवर दिसणारी वेळ आणि जहाजाची वेळ यांत तासाभराचा फरक पडू शकतो. पंगत जहाजाच्या वेळेने बसते.

संकष्टीची अडचण नेमकी उलटी. चंद्रोदय साधारणतः साडेआठ ते दहाच्या दरम्यान होतो आणि मुंबईजवळ तोही वाशीमपेक्षा सुमारे पाव तासाने मागे असतो. उपवास सोडायला बसावे आणि बुफेवरील झाकणे पडत असावीत, असे होऊ शकते. सहलीच्या तारखा ठरवतानाच चतुर्थी पाहून ठेवावी, किंवा दोन पंगतींची पद्धत असलेल्या जहाजावर दुसरी पंगत मागून घ्यावी. एकाच कुटुंबात संकष्टी करणारी आजी आणि मित्राच्या संगतीने चौविहार करणारा नातू असतील तर एका टेबलाचा आग्रह सोडावा लागेल. उपवासाचे पदार्थ सर्वच जहाजांवर मिळतील असे नाही. फळे, दूध आणि दही मात्र हमखास मिळते.

येत्या काही वर्षांत रमजानचा महिना हिवाळ्याकडे सरकत असल्याने तोही क्रूझच्या ऐन हंगामात येतो. फेब्रुवारीअखेर मुंबईचा सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असतो. इफ्तारसाठी खजूर, पाणी आणि फळे आधी खोलीत घेऊन ठेवता येतात. खरी अडचण सहरीची. पहाटे साडेपाचच्या आधी भोजनगृह उघडे नसते. त्यासाठी आदल्या रात्रीच खोलीत जेवण पोहोचवण्याची व्यवस्था करून घ्यावी लागते. मांस हलाल आहे काय, हेही गृहीत न धरता विचारावे.

शाकाहार म्हणजे काय?

भारतीय प्रवाशांसाठीच्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन पदार्थांच्या पाट्या असतात. परदेशी जहाजांवर मात्र 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ सैल असतो. शाकाहारी म्हणून आलेल्या केकमध्ये आणि ताज्या पास्त्यात अंडे असते, थंड गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, चिनी भाजीत कालवांचा सॉस पडलेला असतो, तर वूस्टर सॉसमध्ये मासा असतो. 'मला शाकाहारी हवे' असे सांगण्याऐवजी 'मांस, मासे, अंडी, जिलेटिन चालत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट चालत नाही' अशी यादीच इंग्रजीत लिहून वाढप्याच्या हाती द्यावी. आल्याचा उल्लेख वेगळा करावा, कारण ते कंद आहे हे स्वयंपाक्याच्या लक्षात येत नाही. तळणीचे तेल वेगळे आहे काय, हा प्रश्नही विचारण्यास संकोच करू नये.

संकोचाची मोठी किंमत मोजावी लागते, याचा एक जुना दाखला प्रसिद्धच आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेले मोहनदास गांधी काट्या-चमच्यांची सवय नसल्याने आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य न झाल्याने जहाजाच्या भोजनगृहात गेलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्यांनी आपल्या खोलीतच दिवस काढले. आजच्या प्रवाशाला ती सोयही नाही. घरचे शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ, लहान मुलांचे अन्न आणि औषधी पथ्याचे पदार्थ यांना सहसा परवानगी असते. विजेची शेगडी, किटली किंवा इस्त्री सामानात सापडल्यास ती काढून घेतली जाते. उकळलेले पाणीच पिणाऱ्यांनी थर्मास न्यावा आणि तो बुफेवरील चहाच्या यंत्रातून भरण्याऐवजी भटारखान्यातून उकळून आणलेल्या पाण्याने भरून मागावा. चहाच्या यंत्रातील पाणी गरम असते, पण उकळलेले असेलच असे नाही.

मधुमेहींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पहिल्या दिवशी बंदरातील तपासणी, जहाजावर चढणे आणि प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थान होताच घेतली जाणारी आपत्कालीन कवायत यांत दुपारचा बराच वेळ जातो. वऱ्हाडातून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाचे या गडबडीत जेवण हुकते. जहाजावर पाय ठेवताच खोलीच्या चावीची वाट न पाहता थेट बुफे गाठावा, कारण खोल्या मिळण्यापूर्वीच तो बहुधा सुरू असतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी बिस्किटे सामानात न देता हातातील पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. बोट लागण्याची सवय असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंबही जेवू नये. कोरडा पाव, सफरचंद आणि आले यांचा उपयोग होतो. गोळी घ्यायची असल्यास ती मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावी.

अखेरची सकाळ सर्वांत धावपळीची. खोल्या साधारणतः आठ-नऊपर्यंत रिकाम्या कराव्या लागतात आणि न्याहारी नेहमीपेक्षा लवकर आटोपली जाते. नवकारशी करणारे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी तोंडात पाणी घालतात. जानेवारीच्या मध्यावर मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, म्हणजे त्यांची न्याहारी आठनंतरच. त्या दिवशी उतरण्याच्या शेवटच्या गटात नाव घालण्याची विनंती आदल्या दिवशी दुपारपर्यंत स्वागतकक्षात करून ठेवावी. बुफेवरील केळी आणि संत्री पिशवीत भरून किनाऱ्यावर नेण्यास बहुतेक बंदरांवर मनाई असते, पण खोलीत मागवून ठेवलेले फळ जहाज सोडण्यापूर्वी डेकवर बसून खाता येते.